शॅम्बल्समध्ये डबी चिकटवू नका, प्रश्न लपवा

जिओकॅशिंगच्या खेळात इंग्लंडमधल्या यॉर्कच्या शॅम्बल्ससारख्या मध्ययुगीन गल्लीत चुंबकाची नॅनो (अगदी इवलीशी) डबी चिकटवून मोकळं होणं हा निव्वळ आळस आहे. (नव्यांसाठी: इथली ‘कॅश’ म्हणजे रोकड नव्हे, लपवलेली डबी. कुणीतरी ती लपवून तिचे अक्षांश-रेखांश, म्हणजे निर्देशांक, जाहीर करतं, बाकीचे ती शोधतात, आतल्या कागदावर सही करतात आणि होती तिथेच ठेवतात.)

शॅम्बल्स ही मूळची खाटकांची गल्ली. 1086 च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या जमीन-मालमत्तेच्या जुन्या नोंदवहीत, तिचा उल्लेख आहे. आज दिसणारी लाकडी चौकटीची घरं त्यानंतरची, पण मांस टांगायचे आकडे आणि मांडायच्या फळ्या काही दुकानांबाहेर अजून आहेत. वरचे मजले खालच्यापेक्षा पुढे आलेले, त्यामुळे डोक्यावर आकाशाची चिंचोळी पट्टी उरते. जीपीएसची गोची इथेच होते. फोनला उपग्रह दिसतात ते गल्लीच्या लांबीच्या दिशेचे. आडव्या दिशेचे घरांआड जातात. म्हणून चूक मुख्यतः रुंदीच्या दिशेने होते, आणि तुम्ही गल्लीत असताना नकाशा तुम्हाला मागच्या बाजारात उभं करतो. त्यात भिंतींवर आपटून उशिरा पोचलेले सिग्नल. 2 मे 2000 ला अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी या खेळातली पहिली डबी लपवली गेली. पण भिंतींमुळे होणारी चूक कोण बंद करणार?

अक्षांश-रेखांशाचे आकडे लिहिण्याचा दोष नाही. अंश आणि दशांश मिनिटं, मिनिटाचे तीन दशांश, ही नेहमीची पद्धत पुरेशी आहे. शेवटचा आकडा एकाने बदलला तर यॉर्कला उत्तर-दक्षिण सुमारे 1.85 मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे 1.1 मीटरचा फरक पडतो. फोनचं वाचनच याच्या कितीतरी पट चुकतं.

आता नॅनो. ओक, वीट, गिलावा यांना चुंबक लागत नाही. जुन्या इमारतींच्या शिशाच्या पाइपलाही नाही. उरतो बिडाचा पाइप, आणि तिथेही खरा त्रास डबीचा नसून शोधणाऱ्यांच्या बोटांचा. निर्देशांक दहा मीटर हुकले की लोक प्रत्येक फट चाचपतात, सैल चुना उकरतात, फळीमागे हात घालतात. इंग्लंडमध्ये अशा बहुतेक इमारती कायद्याने संरक्षित आहेत. मालकाची परवानगी तर लागतेच. शिवाय गर्दीत भिंतीशी खुडबुड करणारा माणूस संशयास्पद दिसतो: 2011 मध्ये यॉर्कशायरमधल्याच वेदरबीत कॅफेबाहेरची एक कॅश बॉम्ब समजून उडवून देण्यात आली होती. डबीवर ‘जिओकॅश’ असं बाहेरून ठळक लिहिणं म्हणूनच गरजेचं.

त्यापेक्षा मल्टी-कॅश करा, म्हणजे अनेक टप्प्यांची कॅश: टप्प्याटप्प्यावरच्या उत्तरांचे आकडे सूत्रात घातले की खऱ्या डबीचे निर्देशांक मिळतात. वेगवेगळ्या कॅशच्या भौतिक टप्प्यांत, म्हणजे जिथे काही वस्तू ठेवलेली असते तिथे, किमान 161 मीटर अंतर लागतं. नुसता प्रश्न विचारणाऱ्या टप्प्यांना ती अट नाही, त्यामुळे एका छोट्या गल्लीत चार-पाच प्रश्न आरामात बसतात. प्रश्न दगडात कोरलेल्या किंवा पाटीवरच्या आकड्यांवर बेता. दुकानांची नावं, रंग, टांगलेल्या कंदिलांची संख्या यांवर नको. दुकान बदललं की कॅश मेली. गल्लीच्या टोकाजवळच्या व्हिप-मा-व्हॉप-मा-गेटच्या पाटीवर 1505 हे साल आहे, असं काही उत्तम. आणि प्रश्न ‘पाटीवर काय लिहिलंय’ असाच विचारा. 35 नंबरच्या घरात 1586 मध्ये मृत्युदंड झालेल्या संत मार्गारेट क्लिदरो यांचं प्रार्थनास्थळ आहे, पण त्या खरं तर समोरच्या बाजूच्या घरात राहत असाव्यात असं मानलं जातं. ‘त्यांचं घर कोणतं’ विचारलंत तर अभ्यासू माणूसच चुकेल!

सूत्र साधं ठेवा, आणि अंतिम निर्देशांकांतल्या सर्व अंकांची बेरीज कॅशच्या वर्णनात द्या, म्हणजे चुकलेला माणूस निघण्याआधीच सावध होतो. खरी डबी गल्लीपासून दूर, मोकळ्या आकाशाखाली, परवानगी घेतलेल्या जागी ठेवा. निर्देशांक वेगवेगळ्या दिवशी तीन-चार वेळा घेऊन सरासरी काढा. कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डब्या ओल आत घेतात. प्लास्टिकची बाटली फुगवून बनवण्याआधीची जी जाड नळी असते ती, फिरकीच्या झाकणासह, पावसात कितीतरी बरी. कागद जलरोधक हवा, आणि पेन्सिल. बॉलपेनची शाई ओलसर कागदावर उठत नाही. टेरेन 1 (वाटेच्या अवघडपणाची सर्वांत सोपी श्रेणी) लिहायचं असेल तर सगळे टप्पे व्हीलचेअरवरून गाठता आले पाहिजेत, फरसबंदीसह.

शोधायला जाणार असाल तर सकाळी दुकानं उघडायच्या आत जा. सगळ्या पाट्यांचे फोटो काढा, आकडेमोड किंग्ज स्क्वेअरच्या मोकळ्या जागेत बसून करा. गल्लीत फोनचा बाण बघत बसू नका, मान वर करा.