शिकाऊ ताई

बालशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला नाव घालताना माझी समजूत अशी होती की लहान मुलांना काहीतरी कसे शिकवावे हे आपल्याला तेथे शिकवतील. गाणी, गोष्टी, रंग, आकार, झालीच तर अंकांची तोंडओळख. प्रत्यक्षात बालवाडीतील या उमेदवारीत मला जे शिकवले जात आहे ते तीन शब्दांत सांगता येते: काही करू नका. हे ऐकून ज्यांना नोकरी हलकी वाटेल त्यांनी साडेतीन वर्षांचे मूल स्वतःच्या हाताने बूट घालत असताना, बूट डाव्या पायाचा आणि पुढे केलेला पाय उजवा असताना, हात मागे बांधून शेजारी बसून दाखवावे.

प्रथम ते मूल बूट हातात घेऊन आत डोकावून पाहते. आत काही नाही याची खात्री पटल्यावर पाय घातला जातो, तो अर्धा जातो, टाचेपाशी अडतो, आणि मग मूल टाच आत ढकलण्याऐवजी बूटच दोन्ही हातांनी जमिनीवर आपटू लागते. पट्टा चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. त्याच्या चर्रर्र आवाजाची गंमत कळल्यावर बूट घालण्याचा मूळ हेतू काही काळ मागे पडतो. बाकीची मुले एव्हाना अंगणात पोहोचलेली असतात. माझा हात आपोआप पुढे जातो आणि मागून मार्गदर्शक ताईंचा शांत आवाज येतो, ‘‘त्याने मदत मागितली आहे का?’’ त्याने मागितलेली नसते. मदतीची गरज मला असते, पण तशी तरतूद अभ्यासक्रमात नाही. शेवटी उलटसुलट बूट घातलेले ते मूल उठून उभे राहते आणि ज्या तोऱ्याने बाहेर जाते तो पाहिल्यावर ‘अरे, बूट उलटे आहेत’ असे म्हणण्याची कोणाचीही छाती होणार नाही. शिवाय तसे म्हणायचेही नसतेच. चालताना टोचले की त्याचे त्यालाच कळते. मला वाटले होते की हे कळायला त्याला फार वेळ लागणार नाही. तो त्याच बुटांनी घसरगुंडी, वाळू आणि पाण्याचे टब असा सगळा कार्यक्रम उरकून आला.

मदत न करण्याच्या या शास्त्राला मोठी परंपरा आहे. मारिया माँटेसोरी या मूळच्या डॉक्टर. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब कामगारांच्या वस्तीत त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले. तेथे सुमारे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यातील भोकांत लहानमोठ्या दट्ट्या बसवत आणि काढत बसली होती. तिची एकाग्रता तपासावी म्हणून माँटेसोरींनी इतर मुलांना गाणी म्हणायला लावली, मग मुलीला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले. मुलीने दट्ट्या मांडीवर गोळा केल्या आणि काम पुढे चालू केले. तिने तो प्रकार चाळीसहून अधिक वेळा केला. हा प्रसंग आम्हाला वर्गात फार आदराने सांगितला गेला आणि सर्वांनी मुलीचे कौतुक केले. मी मात्र त्या मोजत बसलेल्या डॉक्टरीणबाईंविषयी विचार करत राहिलो. चाळीस वेळा तीच गोष्ट पाहायची, मोजायची आणि मध्ये एकदाही ‘पुरे आता’ म्हणायचे नाही, हे ज्याला जमते त्याच्या नावाने जगभर शाळा निघाल्या तर त्यात आश्चर्य कसले?

आमच्या बालवाडीत मी एकटाच पुरुष आहे, त्यामुळे मुले मला ताई म्हणतात. त्यांच्या हिशेबी घराबाहेर भेटणारे, जमिनीवर मांडी घालून बसणारे आणि नाक पुसून देणारे मोठे माणूस म्हणजे ताई. दाढी हा किरकोळ तपशील झाला. सुरुवातीला मी ‘दादा’ हा पर्याय सुचवून पाहिला. एका मुलीने तो लक्षपूर्वक ऐकून घेतला, माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, ‘‘ताई, तू दादा आहेस?’’ मी हो म्हटले. ‘‘बरं ताई,’’ असे म्हणून तिने विषय मिटवला. मार्गदर्शक ताईंनी माझे सांत्वन करताना गिजुभाई बधेका यांचा दाखला दिला. गिजुभाई वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळले, १९२० मध्ये भावनगर येथे त्यांनी बालमंदिर सुरू केले आणि पुढे ते ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, या नावाने ओळखले गेले. त्या मानाने आपण ताईवर सुटलो, असे मी मनाशी म्हणालो. पण आई व्हायला कर्तृत्व लागते आणि मी अजून शिकाऊ आहे, हेही त्यातून सुचवले गेले असावे अशी मला शंका आहे.

या उमेदवारीतील खरा जाच म्हणजे निरीक्षण नोंदवही. ठरलेल्या वेळी एका कोपऱ्यात, माझ्या पोटरीइतक्या उंचीच्या खुर्चीवर बसून, एका मुलाकडे पाहायचे आणि जे दिसेल ते लिहायचे. जे दिसेल तेच, जे वाटेल ते नव्हे. मी लिहिले, ‘मुलाला राग आला.’ ताईंनी ते लाल शाईने खोडले आणि विचारले, ‘‘राग कुठे दिसला?’’ मी म्हणालो, चेहऱ्यावर. ‘‘चेहऱ्यावर काय दिसले?’’ बराच वेळ आठवून आठवून मी नवे वाक्य तयार केले: ‘मुलाने ठोकळा जमिनीवर टाकला, उजवा पाय दोनदा आपटला, दाराकडे पाहिले आणि खालचा ओठ पुढे काढला.’ हे त्यांना पसंत पडले. त्याच्या पुढे मी ‘कारण त्याचा मनोरा पडला’ असे जोडले होते, ते पुन्हा खोडले गेले, कारण मनोरा पडला हे मी पाहिले होते, पण तेच कारण आहे हे मला त्याने सांगितले नव्हते. याविरुद्ध माझ्याकडे युक्तिवाद नव्हता. नंतर कळले की त्या मुलाला मनोऱ्याचे काहीच सोयरसुतक नव्हते; दारातून त्याचा आवडता पिवळा ट्रक दुसरे कोणी घेऊन गेले होते. ताई त्यावर काही बोलल्या नाहीत. मूल्यमापन न करता गप्प राहणे त्यांच्या अंगवळणी पडले आहे.

या शिस्तीचे घरावर परिणाम होतात. पूर्वी मी ‘तू चिडली आहेस’ असे म्हणत असे आणि त्यावरून भांडण होत असे. आता मी ‘तू कपाटाचे दार दोनदा आपटलेस आणि माझ्याकडे न पाहता उत्तर दिलेस’ असे म्हणतो. भांडण होतेच, पण ते अधिक तपशीलवार होते.

नोंदवहीखालोखाल कठीण असते ते शाब्बास न म्हणणे. ‘छान’, ‘हुशार’, ‘गुणी बाळ’ ही आमची पिढीजात संपत्ती आमच्याकडून पहिल्याच आठवड्यात जप्त करण्यात आली. १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांत ज्यांना ‘तू हुशार आहेस’ असे सांगितले गेले ती मुले पुढे अवघड कोडी टाळू लागली आणि ज्यांच्या मेहनतीचे कौतुक झाले ती अवघड कोड्यांना भिडू लागली. तेव्हा चित्र दाखवायला आलेल्या मुलाला ‘वा, किती सुंदर!’ म्हणायचे नाही. ‘तू निळा रंग अगदी कडेपर्यंत नेलास’ असे, त्याने काय केले तेवढेच, सांगायचे. ‘हे काय काढलेस?’ असेही विचारायचे नाही, कारण काहीतरी काढलेच पाहिजे असा त्यातून दबाव येतो. ‘मला याच्याविषयी सांग’ असे म्हणायचे. मी तसे म्हणालो. त्या कलावंताने संपूर्ण काळ्या रंगाने भरलेले ते पान माझ्यासमोर धरले, मला ते समजावे म्हणून जरा वाट पाहिली, आणि शेवटी माझी कीव येऊन म्हणाला, ‘‘हा कागद आहे.’’

सिद्धान्त सांगणाऱ्या पुस्तकांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तक्रार असेल तर ती सिद्धान्ताप्रमाणे वागून पुन्हा वर प्रश्न विचारणाऱ्या मुलांबद्दल आहे. मुलांच्या विचारशक्तीचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवून दिले की या वयाच्या मुलाला तेच पाणी रुंद भांड्यातून उंच, अरुंद भांड्यात ओतले तर ते वाढल्यासारखे वाटते. मी पाण्याच्या टबापाशी हा प्रयोग करून पाहिला. मुलाने उंच पेल्याकडे बोट दाखवून ‘यात जास्त आहे’ असे पुस्तकात लिहिल्याप्रमाणे बरोबर चुकीचे उत्तर दिले. मी ते पाणी पुन्हा रुंद भांड्यात ओतून दाखवले. तो म्हणाला, ‘‘आता तू कमी केलंस. परत जास्त कर.’’ पुढील बराच वेळ मी पाणी जास्त आणि कमी करत राहिलो. त्याला काय समजले ते मला नोंदवता येणार नाही, कारण ते दिसण्याजोगे नव्हते; माझ्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या झाल्या हे मात्र दिसण्याजोगे होते आणि मी ते लिहिले.

सकाळी पालक मुलांना सोडून जातात तो प्रकार त्या मानाने लवकर आटोपतो, निदान मुलांच्या बाजूने. नियम असा की लपूनछपून निघून जायचे नाही. ‘मी जाते, अमुक वेळेला घ्यायला येईन’ असे स्पष्ट सांगायचे आणि खरोखर जायचे. मूल रडते, मग त्याला वाळू दिसते आणि ते थांबते. पालकांना मात्र वाळू दिसत नाही, म्हणून ते खिडकीबाहेर उभे राहतात, डोकावतात, मुलाला दिसतात, आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते.

अशा वेळी मला फ्रेडरिक फ्रोबेल यांची आठवण येते. त्यांनी १८३७ मध्ये जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था सुरू केली, १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ म्हणजे बालकांची बाग असे नाव दिले, आणि मुलांच्या हाती देण्याच्या साधनांतले पहिले साधन म्हणून लोकरीचे सहा रंगीत चेंडू ठरवले. यावर प्रशिया या तेव्हाच्या मोठ्या जर्मन राज्याच्या सरकारने १८५१ मध्ये बालवाड्यांवर बंदी घातली. सरकारला त्यांत नास्तिकपणा आणि समाजवाद यांचा वास आला होता, आणि ती बंदी उठायला १८६० उजाडले. इतिहासाच्या पुस्तकांत हे सरकारचे मागासलेपण म्हणून येते आणि ते योग्यच आहे. तरीही एक सावध पुस्ती जोडावीशी वाटते: समाजवादाचा आरोप करणाऱ्या त्या अधिकाऱ्यांपैकी एकानेही बालवाडीचा वर्ग आतून पाहिला नसावा. एका पिवळ्या ट्रकवर पाच जणांची संपूर्ण आणि वंशपरंपरागत मालकी जेथे रोज जाहीर होते, तेथे समाजवादाला इतक्यात धोका नाही.

मध्यंतरी माझे अर्धवार्षिक मूल्यमापन झाले. मी वर्तुळात बसून मुलांना गोष्ट सांगत असताना मार्गदर्शक ताई कोपऱ्यात, त्याच बुटक्या खुर्चीवर, नोंदवही घेऊन बसल्या होत्या, आणि अभ्यासक्रमाच्या नियमानुसार त्यांनी ती नोंद नंतर मला वाचायला दिली. त्यात लिहिले होते: ‘शिकाऊ ताई जमिनीवर बसले. गोष्टीचे पहिले पान वाचले. एका मुलाने हत्ती कुठे झोपतो असे विचारले. शिकाऊ ताईंनी पुस्तक खाली ठेवले. सर्व मुले हत्तीसारखी झोपली. शिकाऊ ताई झोपले. एक मूल त्यांच्या पाठीवर चढले. शिकाऊ ताईंनी उजवा हात पुढे केला, परत मागे घेतला. ओठ घट्ट मिटले. वर्गात कोणीही रडले नाही. गोष्टीचे दुसरे पान वाचले गेले नाही.’

मी निमूटपणे सही केली. एकही शब्द खोडण्याजोगा नव्हता. खालच्या रकान्यात शिफारस होती: पुढील सत्रात दोन वर्षांखालील मुलांच्या गटात नेमणूक करावी. तेथील मुले अजून नीट बोलत नाहीत, त्यामुळे ताई म्हणण्याचा प्रश्न येणार नाही, असे वाटून मला जरा हायसे वाटले होते. पण त्या गटाच्या नोंदवहीला एक वेगळे छापील पत्रक टाचलेले असते आणि त्यात ‘चावा कोणी घेतला’, ‘कोणाला घेतला’ आणि ‘शरीराच्या कोणत्या भागास’ असे तीन रकाने असतात. दुसऱ्या रकान्यात मूल आणि कर्मचारी असे दोन पर्याय आधीच छापून ठेवलेले आहेत.