'लाल लावा आणि विसरा' म्हणे!

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या वर्कशॉपांत सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. वर अमेरिकेतल्या शिकारीच्या दांडग्या रिव्हॉल्व्हरचा फोटो, खाली मजकूर: 'पॉइंट ५०० मॅग्नमचा झटका सोसूनही स्क्रू सुटत नाही. हात दुखेपर्यंत आवळा, स्प्रिंग वॉशर टाका, लाल लॉकटाइट लावा आणि विसरा.' (लॉकटाइट म्हणजे आट्यांना लावायचा, स्क्रू जागीच धरून ठेवणारा द्रव.) आपल्याकडे शिकार कायद्याने बंद, त्यामुळे रिव्हॉल्व्हरची चिंता नाही. पण हाच सल्ला उद्या कुणीतरी द्राक्षबागेतल्या ब्लोअरवर चालवणार, म्हणून लिहितोय.

झटका खोटा नाही. पॉइंट ५०० मॅग्नम हे २००३ साली आलेलं काडतूस एवढं जाड, की त्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहाऐवजी पाचच गोळ्या बसतात. एवढ्या हादऱ्याने स्क्रू ढिले होणारच.

आता 'हात दुखेपर्यंत आवळा'. त्या रिव्हॉल्व्हरवर दुर्बीण बसवायचे स्क्रू साडेतीन-चार मिलिमीटरचे. त्यांना साधारण दोन न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, पुरतो. आवळलेला स्क्रू स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो, त्या ताणातच त्याची पकड असते. जास्त ताणला की तो परत येत नाही; आटे तरी मरतात, नाहीतर डोकं हातात येतं.

स्प्रिंग वॉशरचं काय? पूर्ण आवळला की तो चपटा होतो आणि साध्या वॉशरएवढंच काम करतो. जोड आडवा सरकायला लागला की बोल्ट आपोआप उलटा फिरतो, हे युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९६९ मध्येच दाखवून दिलंय; चपटा झालेला वॉशर ते थांबवत नाही. शिवाय रिव्हॉल्व्हरच्या बॉडीत बुडालेल्या स्क्रूखाली वॉशर घालणार कुठे?

खरा घोळ लालचा. लाल लॉकटाइट मोठ्या, कायमच्या बोल्टसाठी. सोडवायला अडीचशे अंशांच्या आसपास धग द्यावी लागते. ती दुर्बिणीला, लाकडी मुठीला, आतल्या बारीक स्प्रिंगांना कशी देणार? मी एकदा शहाणपणा करून चार एमएमच्या अ‍ॅलन स्क्रूला लाल लावलं होतं. खाचा गोल झाल्या, शेवटी ड्रिल मारून काढला. अर्धा दिवस गेला, वर सुपरवायझरची बोलणी!

बारीक स्क्रूला लालपेक्षा कमी ताकदीचं निळं लॉकटाइट पुरतं, अगदी चिमुकल्याला त्याहून हलकं जांभळं. एकच थेंब. हे द्रव हवा तुटली आणि धातू लागला की घट्ट होतं, त्यामुळे आट्यांवरचं तेल आधी पुसायला हवं. रिव्हॉल्व्हर तर कायम तेलातच. स्टेनलेसवर ते आणखी सावकाश धरतं. एक दिवस थांबा, लगेच हादरे देऊ नका.

आणि फॉरवर्डमध्ये स्क्रू-ड्रायव्हरचा उल्लेखच नाही! आपला नेहमीचा स्क्रू-ड्रायव्हर टोकाला पाचरीसारखा निमुळता असतो, जोर दिला की खाचेतून वर चढतो. बंदूक दुरुस्त करणारे समांतर बाजूंचं, खाचेत नेमकं बसणारं पातं वापरतात.

'विसरा' तर मुळीच नको. आवळून झालं की मी स्क्रूच्या डोक्यावरून बॉडीपर्यंत मार्करची एक रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली, की स्क्रू फिरलाय.