दुबईला जाताना पावणेदोन तास, येताना साडेचार? साफ चूक

सांगलीतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'मुंबईहून सकाळी 10 ला निघालेलं विमान दुबईला 11:45 ला पोचतं. परतीचं दुपारी 1 ला निघून संध्याकाळी 5:30 ला. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून जाताना दुबई जवळ येते आणि येताना मुंबई पुढे पळते. शुगरवाल्यांनी येताना इन्सुलिनचा एक डोस जादा घ्यावा.' मुलाकडे निघालेल्या इथल्या एका आजींना तो भाच्यानेच पाठवलाय आणि त्या तसंच करायला निघाल्यात. आता गप्प बसणं शक्य नाही.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. आपलं घड्याळ दुबईच्या दीड तास पुढे. तिथे 11:45 वाजतात तेव्हा इथे सव्वा वाजलेला असतो. म्हणजे जायला सव्वातीन तास. परतताना दुबईचा 1 म्हणजे आपले अडीच. अडीच ते साडेपाच, तीन तास. बुकिंग करताना दोन वेळांच्या मध्ये प्रवासाचे एकूण तास स्पष्ट दिलेले असतात. मेसेज पुढे ढकलण्याआधी तेवढं तरी बघायचं!

पृथ्वी फिरण्याचं कारण तर त्यांच्याच हिशेबात बुडतं. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1,580 किमी वेगाने पूर्वेकडे जाते. प्रवासी विमान ताशी 850-900 ने. मुंबई खरोखरच पुढे पळत असती, तर दुबईहून निघालेलं विमान मुंबईला कधीच पोचलं नसतं, उलट मागे मागे पडत गेलं असतं. तसं होत नाही, कारण जमिनीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडतं. हवा जागीच थांबली असती तर सांगलीत दिवसरात्र ताशी 1,600 किमीचं वादळ असतं.

एक गोष्ट मान्य करावी लागेल: जाण्या-येण्याच्या वेळात थोडा फरक पडतो. तो वरच्या वाऱ्यामुळे. हिवाळ्यात 10-12 किमी उंचीवर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. कृष्णेत होडी प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध वल्हवून बघा, तोच प्रकार. त्या वाऱ्याला वळण लावण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, तेवढंच खरं. पण मग जास्त वेळ जाताना लागतो, येताना नाही. मेसेज बरोबर उलटं सांगतोय.

'मुंबईला उतरण्याआधी विमानं इंधन संपवायला गिरक्या मारतात' हेही त्या मेसेजमध्ये आहे. तेही चूक. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि गर्दीत विमानांना वर थांबवून ठेवतात. एक फेरा साधारण 4 मिनिटांचा.

राहिला डोस. तीन तासांचा प्रवास साडेचारचा समजून जादा इन्सुलिन टोचलं तर साखर झपाट्याने उतरते: घाम, थरथर, गोंधळ, पुढे बेशुद्धी. त्या दिवशी एक घड्याळ भारताच्या वेळेवरच ठेवा. तिथे गेल्यावर डोस किती वाजता घ्यायचा, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. इन्सुलिन चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकतं. हातातल्या पिशवीत ठेवा. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, बिस्किटं आणि साखरेची पुडी.