मेपलच्या घरगुती आरओला गळती? आधी तो पाना खाली ठेवा

अमेरिकेतल्या व्हरमाँट, कॅनडातल्या क्यूबेककडे मार्चमध्ये मेपलच्या झाडांचा गोड रस काढायचा सीझन सुरू झाला की घरीच आरओ (मेंब्रेन म्हणजे बारीक पडद्यातून रसातलं पाणी वेगळं काढणारं यंत्र) जोडून सिरपसाठी रस घट्ट करणाऱ्यांमध्ये एक सल्ला हमखास फिरतो. कुठेही गळलं की टेफ्लॉन टेप अजून गुंडाळा, पान्याने कचकून आवळा, तरी नाही थांबलं तर वरून एपॉक्सी फासा, आणि थेंब थेंब असेल तर सोडून द्या, पाणीच तर आहे. यातलं जवळपास काहीच धड नाही.

टेप लागते ती निमुळत्या आट्यांना, दोन-तीन वेढे, बास. पाव इंची नळी नुसती ढकलून बसवतो त्या पुश-फिटमध्ये पाणी अडवते आतली रबरी ओ-रिंग, तिथे टेपचा काय संबंध? तिथे गळतंय म्हणजे बहुतेक वेळा नळी तिरकी कापलीये, टोकावर ओरखडा आहे, नाहीतर पूर्ण आत गेलेली नाही. प्रेशर सोडा, कॉलर दाबून नळी बाहेर काढा, खराब तुकडा नळीच्या कटरने सरळ उडवा (कात्री नको, नळी चपटी होते) आणि परत ढकला, मध्येच अडल्यासारखं वाटतं तिथे थांबू नका, पार टेकेपर्यंत न्या आणि मग ओढून बघा.

आवळण्याचं म्हणाल तर प्लास्टिकच्या हाऊसिंगमध्ये (मेंब्रेन ज्यात बसतं तो बाहेरचा डबा) जाड टेप आणि वर पाना म्हणजे चीर पडलीच समजा, आणि ती कमी प्रेशरला दिसत नाही, 80-100 पीएसआय प्रेशरला फवारा उडतो. झाकणातून गळत असेल तर ओ-रिंग काढून खाच पुसा, फूड-ग्रेड सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवा, हाताने आवळा. व्हॅसलीन नको, ओ-रिंग ईपीडीएम रबराची असेल तर त्याने फुगते. नट असलेल्या कॉम्प्रेशन फिटिंगला पाव फेरा द्यायला हरकत नाही, तेवढ्यापुरता सल्ला मान्य.

एपॉक्सी तर सोडूनच द्या, आतून प्रेशर ढकलतंय आणि पृष्ठभाग ओला, चिकटणार कशाला. रस वाहायला रात्री शून्याखाली आणि दिवसा वर असं हवामान लागतं, म्हणजे हाऊसिंग गोठून तडकायलाही तेच हवामान! रात्री पाणी काढून ठेवा, तडकलेलं फेकून द्या.

आता "पाणीच तर आहे". 2 टक्के साखरेचा साधारण 43 लिटर रस आटवला की 1 लिटर सिरप, आणि मेंब्रेननंतर रस 8 टक्क्यांवर गेला असेल तर तिथला प्रत्येक थेंब चौपट साखर घेऊन जातो. शिवाय पंपाच्या आधीची गळती टपकतच नाही, ती हवा ओढते, नळीत बुडबुडे दिसतात, पंप खडखडतो. आणि सगळ्यात महागडी गळती बाहेर दिसतच नाही, मेंब्रेनच्या मधल्या नळीच्या ओ-रिंग गेल्या की साखर थेट रसातून वेगळ्या काढलेल्या टाकाऊ पाण्यात. ते पाणी रिफ्रॅक्टोमीटरवर (साखरेचं प्रमाण दाखवणारं उपकरण) बघा, शून्य यायला हवं. नाही आलं तर बाहेरचे सांधे चाचपत बसू नका, पंप बंद करून मेंब्रेन बाहेर काढा आणि आधी त्या ओ-रिंग बघा.