'सडेतोड' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

नमस्कार सडेतोड,

तुमची प्रतिक्रिया वाचली आणि खरं सांगते, पहिल्यांदा डिलीटच करणार होते. ठेवली, कारण नाहीतर म्हणाल टीका सहन होत नाही. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आईबाप तुरुंगात असलेल्या मुलांना घरी जे सांभाळतात त्यांच्या पाठीशी मंडळीने, म्हणजे चर्चने, कसं उभं राहावं यावर मी लिहिलं होतं. त्यावर यांचं म्हणणं असं: "तुम्ही लोक अगतिक बायकांच्या दारात मदत घेऊन जाता आणि प्रार्थना करून येता, याला सेवा नाही, सौदा म्हणतात." शिवाय या बायकांना पैसे लागतात, बायबल नाही. शिवाय हे काम ट्रेनिंग घेतलेल्या समुपदेशकांचं आहे, हौशी लोकांचं नाही. आणि शेवटी, मी सगळीकडे 'आजी, आजी' करून लेख गोड केलाय.

शेवटचं आधी घेते, कारण ते बरोबर आहे. अमेरिकेतल्या तुरुंगांमध्ये २००४ साली झालेल्या सरकारी पाहणीत राज्यांच्या तुरुंगातल्या बापांपैकी जवळपास ८८ टक्क्यांनी सांगितलं होतं की मूल त्याच्या आईकडे आहे, आणि आई आत असेल तेव्हा मात्र साधारण ४५ टक्के ठिकाणी आजी-आजोबा सांभाळत होते. म्हणजे आजीचं चित्र आई तुरुंगात असलेल्या घरांना जास्त लागू पडतं, बाकी बहुतेक ठिकाणी मागे राहिलेली बायको एकटीच ओढत असते, कुठे काका, कुठे नुकती कमवायला लागलेली मोठी बहीण. लेखात 'आजी' जास्त वेळा आलं, मान्य. झालं समाधान?

आता त्या 'सौदा' वाल्या वाक्याकडे येते. त्यात मला काय बोचलं सांगू? मुद्दा नाही, मुद्दा मी स्वतःच लेखात मांडलाय (तुम्ही तिथपर्यंत पोचलात का, शंकाच आहे). बोचलं ते 'तुम्ही लोक'. कोण लोक? तुम्ही मला ओळखत नाही, मी कुठल्या घरातून आले ते तुम्हाला माहीत नाही, एक लेख वाचून तुम्ही मला थेट सौदेबाजांच्या रांगेत उभं केलंत आणि वर नाव घेतलंत सडेतोड! सडेतोड बोलणं आणि समोरच्याची लायकी काढणं यात फरक असतो हो, आणि तो कळायला बायबल वाचावं लागत नाही.

सांगणार नव्हते, पण आता सांगतेच. माझे वडील आत होते. आम्हा भावंडांना मावशीने वाढवलं, तिची स्वतःची मुलं होतीच. शाळेत सांगायचं 'बाबा बाहेरगावी नोकरीला आहेत', हे तिने आमच्याकडून घोकून घेतलं होतं आणि एकदा बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा माझ्या भावाने गावाचं नाव वेगळंच सांगितलं, मी वेगळंच. मावशीच्या घरी येणंजाणं हळूहळू बंद झालं. नातेवाईक फोन करायचे तेही 'तारीख काय लागली' एवढंच विचारायला. मंडळीतल्या एक बाई मात्र आठवड्याला यायच्या, आमचा अभ्यास घेत बसायच्या आणि मावशी तेवढा वेळ आतल्या खोलीत झोपायची. फक्त झोपायची! त्या बाईंनी जाताना प्रार्थना केली का? केली. मावशीला विचारून केली, आणि मावशी 'आज नको' म्हणाली त्या दिवशीही त्या पुढच्या आठवड्यात आल्याच. आता यात सौदा कुठे झाला ते तुम्ही मला दाखवा.

तुम्ही म्हणाल ही एक गोष्ट झाली, पुरावा नाही. बरं, मग पुरावा घ्या. दक्षिण लंडनमधल्या ४११ मुलग्यांच्या आयुष्याचा कित्येक वर्षं मागोवा घेतला गेला, त्यावरून मरी आणि फॅरिंग्टन या संशोधकांनी २००५ साली मांडलं की लहानपणी आईबाप तुरुंगात गेल्यामुळे दुरावलेली मुलं पुढे जास्त अडचणीत आली, आजारपणामुळे, मृत्यूमुळे किंवा इतर कारणांनी आईबाप दुरावलेल्यांपेक्षाही जास्त, आणि घरातले इतर धोके मोजून बाजूला काढले तरी काही बाबतीत फरक उरलाच. का उरला याची उत्तरं लोक वेगवेगळी देतात. माझं उत्तर मी जे पाहिलं त्यावरून आहे: माणूस वारला तर दहा जण दारात येतात, तुरुंगात गेला तर होते तेही जातात. कुटुंबांवर संशोधन करणाऱ्या पॉलीन बॉस ज्याला संदिग्ध वियोग म्हणतात तो हाच, माणूस जिवंत आहे, पत्रं येतायत, पण घरात नाही, ना रडता येत ना विसरता येत, आणि हे सगळं लपवून सकाळी मुलाचा डबा भरायचा. त्या सांभाळणाऱ्या बाईला वरून रागही असतो, तो आतल्या माणसावर, म्हणजे कधीकधी स्वतःच्याच लेकीवर. तो राग ती मुलासमोर काढू शकत नाही आणि भेटीला गेल्यावर काचेपलीकडेही नाही. तिला तो कुणाजवळ तरी बोलता यायला हवा, एवढंच माझ्या लेखाचं म्हणणं होतं. एवढंच.

आमच्याच लोकांची एक गोष्ट मलाही खटकते आणि ती तुमच्यापेक्षा मी जास्त कडक शब्दांत लिहिली होती. बायबलमध्ये मत्तय २५ मध्ये 'मी बंदिशाळेत होतो तेव्हा तुम्ही माझ्याकडे आलात' आहे, इब्री १३:३ मध्ये बंदिवानांची आठवण ठेवा असं आहे, म्हणून मंडळ्या तुरुंगात उत्साहाने जातात, तिथे गाणी होतात, साक्षी होतात (म्हणजे देवाने आपलं आयुष्य कसं बदललं ते सगळ्यांसमोर सांगणं), फोटो निघतात. घरी पोरं धरून बसलेल्या बाईकडे जायला कुणाला वचन सापडत नाही. याकोब १:२७ आहे की, अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घ्या म्हणून, पण नवरा जिवंत असलेली बाई त्यात बसते की नाही यावर आमच्यात खल होतो. असो. तो वेगळा राग.

तरी म्हणून सगळंच खोटं होत नाही. अमेरिकेत मेरी के बिअर्ड म्हणून बाई होत्या, स्वतः शिक्षा भोगलेल्या. आत असताना त्यांनी पाहिलं होतं की बाहेरच्यांनी दान दिलेला साबण, टूथपेस्ट बायका स्वतः न वापरता जपून ठेवतात आणि नाताळात मुलांना भेट म्हणून गुंडाळून देतात. त्यातून १९८२ साली अलाबामात एंजल ट्री हा उपक्रम सुरू झाला. भेट चर्चची माणसं आणतात पण ती मुलाला आतल्या आईच्या किंवा बापाच्या नावाने मिळते, आणि त्याआधी स्वयंसेवक घरी सांभाळणाऱ्याला फोन करतो. भेटीबरोबर येशूचं शुभवर्तमानही सांगतात, हे ते लपवत नाहीत. तुम्हाला ते पटणार नाही, ठीक आहे. पण उघड सांगून केलेल्या गोष्टीला पिशवीत लपवलेला धर्म म्हणू नका.

'गरजू बाई नाही कशी म्हणेल' असंही तुम्ही पुढे विचारलंय. म्हणते हो. माझी मावशी म्हणायची. आणि आमच्या गटाचे नियम मी लेखातच दिले होते: मदत आधी, प्रार्थना विचारल्याशिवाय नाही, उपासनेला आली नाही म्हणून मदत थांबवायची नाही, प्रार्थनासभेत त्या घराचं नाव घ्यायचं नाही (हे सगळ्यात जास्त मोडलं जातं, 'अमुक बहिणीसाठी प्रार्थना करा, तिचा नवरा...' आणि संपलं, संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत), मुलांचे फोटो नाहीत. यापलीकडे कुणाच्या मनात काय आहे ते मी तपासू शकत नाही, तुम्हीही नाही.

पैशाचं म्हणाल तर त्यावर वाद कुणी घातलाय? पैसे लागतातच. भेटीला जायचं भाडं, कॉलचे पैसे. मार्था राइट नावाच्या आजींनी (बघा, परत आजी, सॉरी) तुरुंगातल्या नातवाशी बोलण्याच्या भरमसाट खर्चाविरुद्ध अमेरिकेत वर्षानुवर्षं लढा दिला, त्यांच्या नावाचा कायदा त्या गेल्यावर, २०२३ च्या सुरुवातीला झाला. म्हणजे तुमचा मुद्दा तुमच्यापेक्षा मीच जास्त नीट मांडतेय. मंडळीने भाडं द्यावं, कॉलचे पैसे भरावेत, शाळेचा फॉर्म भरायला सोबत बसावं, मी कधी नाही म्हटलं?

समुपदेशकांबद्दल काय बोलू, असतील तर जरूर जा. ज्यांना परवडतात आणि मिळतात ते जातातच.

बाकी तुम्ही 'भावनिक ब्लॅकमेल' वगैरे लिहिलंय त्याला उत्तर देत नाही, वेळ नाही आणि इच्छाही नाही.

खाली एका काकांचा प्रश्न तुमच्या गदारोळात तसाच राहून गेलाय, त्यांना सांगते. काका, नातू भेटीला यायचं नाही म्हणतो तर ओढून नेऊ नका. पत्र किंवा चित्र पाठवायचं का विचारा, नाही म्हणाला तर तेही राहू दे, पण वडील कुठे आहेत ते त्याला खोटं सांगू नका, शाळेत दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू दे. सविस्तर मेल करते.