‘मूळ’ म्हणजे नेमके कोणते? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

लिऊ त्सशिन या चिनी लेखकाच्या, पृथ्वीवर चालून येणाऱ्या परग्रहवासीयांच्या विज्ञानकादंबरीवरची ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’ ही नेटफ्लिक्सची मालिका आली त्या रात्रीविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, म्हणून लगेच उत्तर लिहिले नाही. चार दिवसांनी पुन्हा वाचली तेव्हा रागाचे कारण सापडले: आपले निम्मे म्हणणे बरोबर आहे. उरलेल्या निम्म्याशी मात्र मी आजही सहमत नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी आपले आक्षेप थोडक्यात सांगतो. कादंबरीवर जीव असलेल्या वाचकांच्या संतापाला मी ‘गोंगाट’ म्हणून हिणवले, हा आपला पहिला आक्षेप. बीजिंगची कथा लंडनला नेली, एका नायकाचे पाच मित्र केले, विज्ञान पातळ केले आणि एवढी मोडतोड मी ‘रूपांतराची गरज’ या दोन शब्दांखाली झाकली, हा दुसरा. शिवाय ‘ज्यांच्या गावात नारळीकर जन्मले त्यांनी तरी विज्ञानकथेतली भेसळ गोड मानून घेऊ नये’ असा एक टोला आपण जाता जाता मारला आहे. त्या टोल्याकडे मी शेवटी येईन, कारण तो मला सर्वांत जास्त लागला.

आधी माझी एक सरळ चूक. या कादंबरीवरची चिनी मालिका ‘येऊ घातली आहे’ असे मी लिहिले होते. टेन्सेंट या चिनी कंपनीची ती मालिका जानेवारी २०२३ मध्येच आली होती आणि ती तब्बल ३० भागांची आहे. नेटफ्लिक्सने आपली मालिका २१ मार्च २०२४ रोजी, आठ भागांत, एकदम दाखवली. म्हणजे तुलना करायला प्रेक्षकांच्या हाती आधीच एक नमुना होता, आणि ही गोष्ट माझ्या लेखात नसल्यामुळे चाहत्यांचा राग विनाकारण झाल्यासारखा दिसला. आपण ही चूक दाखवलीत त्याबद्दल आभारी आहे.

आता त्या गुरुवारच्या रात्रीविषयी. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका मित्राच्या घरी आम्ही सात जण जमलो होतो. भिंतीवर पांढरी चादर ताणून तिच्यावर प्रोजेक्टरचा झोत टाकला होता आणि मधोमध परातीत भडंग होते. सातांपैकी दोघांनी तिन्ही कादंबऱ्या इंग्रजीतून वाचल्या होत्या, मी पहिली वाचली होती, बाकीचे कोरे होते. मित्राचे वडील एकेकाळी चित्रपटगृहात ऑपरेटर होते. ते खुर्चीवर मागे बसले होते, आणि त्यांचे लक्ष गोष्टीपेक्षा चादरीच्या सुरकुत्यांकडे अधिक होते.

मालिका १९६६ साली, चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात सुरू होते. त्सिंगह्वा विद्यापीठाच्या आवारात हजारोंच्या जमावापुढे एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला व्यासपीठावर आणले जाते, सापेक्षतावाद शिकवल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला जातो, त्याची पत्नीच त्याच्याविरुद्ध बोलते आणि गर्दीत उभ्या असलेल्या मुलीच्या डोळ्यांदेखत त्याला मरेपर्यंत मारले जाते. खोलीत कोणीही भडंगाला हात लावत नव्हते. प्रसंग संपल्यावर मागून आवाज आला, ‘‘आरं, पर ह्ये खरंच झालतं का?’’ कोणीतरी हो म्हणाले. त्यानंतर ते काका पहाटेपर्यंत जागेवरून हलले नाहीत आणि चादरीबद्दलही काही बोलले नाहीत.

मी ‘गोंगाट’ हा शब्द का वापरला, तेही सांगायला हवे. हा प्रसंग संपून जेमतेम अर्धा तास झाला असेल, तोच आमच्यातल्या एका विद्यार्थ्याच्या मोबाइलवर निकाल येऊन पडू लागले होते. ‘वाट लावली’, ‘लंडन कशाला’, ‘बंद केले’. आठ तासांच्या कथेचा पहिला तासही पुरा झालेला नसताना हे सारे लिहून झाले होते, याची मला चीड आली. त्यावर आपण लिहिले आहे की, ज्याने पुस्तक तीनदा वाचले आहे त्याला आपले घर पाडले जात आहे हे कळायला एक तास पुरतो. हे वाक्य मला पटले. मी चाहत्यांना प्रेक्षकांच्या मापाने मोजले. प्रेक्षक पहिल्या भागापासून सुरुवात करतो, चाहता मात्र कित्येक वर्षे त्या घरात राहिलेला असतो.

परंतु हे घर म्हणजे कोणते, हा माझा प्रश्न आहे.

लिऊ त्सशिन यांची ही कादंबरी पुस्तकरूपाने चीनमध्ये २००८ साली आली. त्या आवृत्तीत प्राध्यापकाच्या हत्येचा प्रसंग सुरुवातीला नाही, तो पुस्तकाच्या मधल्या भागात आहे. सेन्सॉरच्या नजरेत लगेच भरू नये म्हणून तो तिथे दडवला गेला. केन लिऊ यांनी इंग्रजी अनुवाद करताना तो उचलून आरंभी आणला, आणि आपल्यालाही मुळात तसेच हवे होते, असे लेखकाने सांगितले. हा अनुवाद २०१४ साली निघाला आणि २०१५ साली त्याला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. अनुवादित कादंबरीला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. आपण तीनदा वाचलेले पुस्तक ते हेच. म्हणजे ज्या क्रमाला आपण मूळ म्हणून जपता, तो क्रम चिनी वाचकाच्या हातातल्या पुस्तकात नव्हता. टेन्सेंटची मालिकाही या प्रसंगाने सुरू होत नाही. नेटफ्लिक्सची होते. लंडनचा मुद्दा घडीभर बाजूला ठेवला, तर आपल्या पुस्तकाच्या पहिल्या पानाशी इमान राखले ते आपल्याला न आवडलेल्या मालिकेनेच, असे म्हणावे लागेल.

आता चीनमधल्या प्रतिक्रिया पाहा. तिथे नेटफ्लिक्स अधिकृतपणे दिसत नाही, तरीही लोकांनी आडवाटेने मालिका पाहिली आणि समाजमाध्यमांवर मोठा वाद झाला. तिथल्या संतापाचा रोख बराचसा याच पहिल्या प्रसंगावर होता. चांगली माणसे, चांगले शोध, आजचे शहर हे सगळे लंडनला नेले आणि चीनच्या वाट्याला तेवढा मार खाणारा म्हातारा आणि मारणारा जमाव ठेवला, असे अनेकांचे म्हणणे होते. काहींनी उलट सांगितले की जे दाखवले ते घडलेलेच आहे, आणि प्रत्यक्षात याहून वाईट घडले होते. इकडे आपल्याकडचे चाहते चीन काढून टाकला म्हणून चिडले, तर तिकडचे चाहते जो चीन ठेवला त्यावर चिडले. दोघांनीही ‘मुळाशी बेइमानी’ हाच शब्दप्रयोग केला, पण दोघांच्या मनातले मूळ एक नव्हते. माझ्या लेखात हे यायला हवे होते. ते न येता ‘गोंगाट’ हा एकच शब्द आला, आणि त्या शब्दाने दोन वेगळे राग एकाच पोत्यात भरले.

लंडनविषयीचा आपला राग मला मान्य आहे, पण कारण वेगळे आहे. गाव बदलल्याने कथा बिघडतेच असे नाही. बिघडले ते पाच मित्रांमुळे. कादंबरीतला वांग मियाओ हा मध्यमवयीन, संसारी, काहीसा कंटाळवाणा शास्त्रज्ञ आहे आणि त्याच्यावर जे कोसळते ते तो एकटा सोसतो. मालिकेत त्याचे तुकडे ऑक्सफर्डच्या पाच जिवलग मित्रांत वाटून दिले आहेत. यामागचा हिशेब उघड आहे: दुसऱ्या आणि तिसऱ्या कादंबरीतले नायक-नायिका पहिल्या पर्वातच एकत्र आणून ठेवले, म्हणजे पुढे अनोळखी माणसे नव्याने उभी करावी लागत नाहीत. आमच्यातला तो विद्यार्थी वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखून कोणता मित्र पुस्तकातल्या कोणाच्या जागी आहे हे जुळवत बसला होता, आणि तिसऱ्या भागापर्यंत त्याचा रकाना जवळजवळ भरला होता. तेव्हा हा बदल अडाणीपणातून आलेला नाही. पण त्याचा परिणाम असा की, सगळ्या मानवजातीचे भवितव्य एका कट्ट्यावरच्या पाच जणांच्या हाती येऊन पडते, आणि साडेसातशे कोटींहून अधिक माणसांचे जग एका खोलीएवढे होते. ‘रूपांतराची गरज’ हे माझे शब्द इथे अपुरे होते, हे मी मान्य करतो.

विज्ञान पातळ केल्याच्या आक्षेपाचे दोन भाग करावे लागतील. पुस्तकात वांग मियाओला विश्व ‘लुकलुकताना’ दिसते ते विश्वात सर्वत्र भरून राहिलेल्या सूक्ष्मलहरींच्या पार्श्वप्रारणात. हे प्रारण निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे पावणेतीन अंश तापमानाचे असते; ते डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी उपकरण लागते, पुस्तकात खास चष्मा लागतो. मालिकेत मात्र आकाशातले तारेच उघड्या डोळ्यांना लुकलुकतात आणि सारी पृथ्वी माना वर करून पाहते. आमच्यातले एक जण महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतात. ते या क्षणी ‘छे!’ म्हणून उठून पाणी प्यायला गेले. दृश्य म्हणून ते देखणे आहे, पण भीती कमी झाली, या बाबतीत मी आपल्याच बाजूचा आहे. गावाला दिसलेले भूत आणि एकट्याला दिसलेले भूत यांत फरक असतो.

दुसरा भाग असा, की पुस्तकाचे विज्ञान शुद्ध होते आणि मालिकेने ते बाटवले, ही मांडणी टिकत नाही. तीन वस्तू एकमेकींच्या गुरुत्वाकर्षणाखाली कशा फिरतील याचे सर्वसाधारण उत्तर सुटसुटीत सूत्रात मांडता येत नाही, हे फ्रेंच गणितज्ञ प्वांकारेच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कामापासून गणितज्ञांना ठाऊक आहे. कादंबरी त्या अनिश्चिततेवर उभी आहे. पण ज्या तीन ताऱ्यांचा ती आधार घेते, ते प्रत्यक्षात तसे बेभरवशाचे नाहीत. अल्फा सेंटॉरीतले दोन मोठे तारे सुमारे ८० वर्षांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात आणि तिसरा, प्रॉक्सिमा, इतका दूर आहे की त्या दोघांच्या संसारात त्याची लुडबूड होत नाही. लेखकाने स्वातंत्र्य घेतले, आणि ते घेतले म्हणून कादंबरी झाली. मग हे स्वातंत्र्य लेखकाला आहे आणि पटकथाकाराला नाही, असे म्हणायचे असेल तर त्याचे कारण विज्ञानाबाहेरचे द्यावे लागेल.

चौथा भाग संपला तेव्हा रात्रीचे तीन वाजून गेले होते. आम्ही गच्चीवर गेलो. होळी तीन दिवसांवर होती, चंद्र पश्चिमेला कलला होता. दक्षिणेला, हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा थोड्या उंचीवर, नरतुरंग या तारकासमूहातले दोन ठळक तारे शेजारी शेजारी दिसत होते. कोल्हापूरहून ते याहून फारसे वर येतच नाहीत. त्यांतला अधिक तेजस्वी तो अल्फा सेंटॉरी, आपल्यापासून सुमारे ४.३७ प्रकाशवर्षे दूर. मालिकेतले आक्रमक तिथून निघाले आहेत आणि त्यांना पोहोचायला चारशे वर्षे लागणार आहेत. आपल्याकडे त्या ताऱ्याचे नाव ‘मित्र’ आहे, असे आमच्यातल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी सांगितले, तेव्हा काका पहिल्यांदाच हसले.

आता नारळीकरांविषयी. जयंत नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला याचा आम्हाला अभिमान आहे, आणि तो अभिमान आम्ही जरा जास्तच मिरवतो हेही खरे. पण आपण त्यांचे नाव ज्या कामासाठी घेतलेत, त्याच्या बरोबर उलट गोष्ट मला आठवते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरे त्यांनी उलटी लावली होती. परीक्षकांनी नाव पाहून कथा जोखू नये, एवढाच हेतू. आणि कादंबरीतल्या प्राध्यापकावरच्या आरोपांत महास्फोटाचा सिद्धान्त शिकवणे हाही एक आरोप आहे. त्याच सिद्धान्ताला नारळीकरांनी अनेक दशके विरोध केला, पण तो गणिताने आणि निरीक्षणांच्या आधाराने. त्यामुळे त्यांचे नाव घेऊन कोणाला गप्प बसवणे त्यांनाच कितपत आवडले असते, याची मला शंका आहे.

या मालिकेबाबत नेमके नावाने घात केला. तिच्या निर्मात्यांपैकी डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस या दोघांची आधीची मालिका ‘गेम ऑफ थ्रोन्स’ २०१९ साली संपली, तेव्हा शेवटचे पर्व पुन्हा चित्रित करा अशी मागणी करणाऱ्या ऑनलाइन अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या होत्या. पहिल्या रात्री आमच्या विद्यार्थ्याच्या मोबाइलवर आलेल्या निकालांपैकी कितीतरी या जुन्या हिशेबाचे होते. ‘या दोघांकडून दुसरे काय होणार’ हे वाक्य मी मोजले नाही, पण मोजण्यासारखे होते. तिसरे निर्माते अलेक्झांडर वू यांचे नाव तर त्या रागात कोणी घेतलेच नाही. हा राग पुस्तकावरच्या प्रेमातून आलेला नव्हता. आपला तसा आहे, म्हणून त्या दोहोंना एकाच शब्दाने संबोधणे ही माझी चूक झाली.

मूळ लेखात आज तीन बदल केले आहेत. चिनी मालिकेचे वर्ष आणि भागांची संख्या दुरुस्त केली. ‘रूपांतराची गरज’ या शब्दांपुढे पाच मित्रांविषयीचा परिच्छेद जोडला. ‘गोंगाट’ हा शब्द तीन ठिकाणी होता. त्यांपैकी दोन ठिकाणांहून तो काढला, आणि २०१९च्या रागाविषयीच्या वाक्यात राहू दिला.