इंत्रूजात घरचा टोप रस्त्यावर आला पाहिजे

गोव्याचा कार्निव्हल म्हणजे पणजीतले चित्ररथ आणि मिरवणुकीचा राजा किंग मोमो, एवढंच बाहेर पोचलंय. ती मिरवणूक १९६५ पासूनची. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीच्या गावांतला इंत्रूज, म्हणजे कोकणीतला कार्निव्हल, त्याहून कितीतरी जुना आणि तो मुळात जेवणाचा सण. राखेच्या बुधवारपासून (ॲश वेन्सडे) इस्टरपर्यंत ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपास, पुष्कळ घरांत तोवर मांस बंद. म्हणून आधी मनसोक्त खाऊन घ्यायचं.

आमच्या शेजारच्या आंटी सोरपोतेल दोन-तीन दिवस आधीच करून ठेवतात. डुकराचं मांस आणि काळीज उकडायचं, अगदी बारीक चिरायचं, परतायचं, मग माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटलेला मसाला. रोज एक कढ द्यायचा. तिसऱ्या दिवशी ते खरं लागतं. आम्ही डुक्कर खात नाही, तर आमच्यासाठी कोंबडीची शागुती वेगळ्या टोपात. "तुमचो टोप हांवें वेगळो दवरला," हे त्या दर वर्षी सांगतात. होळी बहुधा त्यांच्या उपासातच येते, तेव्हा आईच्या पुरणपोळ्या तिकडे जातात. असा शेजार मला कुठल्याही चित्ररथापेक्षा मोठा वाटतो.

आणि सान्ना! तांदूळ-खोबऱ्याचं वाटण सुरेवर, म्हणजे माडाच्या ताडीवर, फुगवून वाट्यांत उकडायचं. पण माडावर चढणारे रेंदेर कमी झाले, ताजी सूर मिळत नाही, मग यीस्टवर भागवावं लागतं. सान्ना फुगतात, पण सुरेचा तो गोडसर आंबूस वास येत नाही.

आता शहरातल्या कार्निव्हलच्या रस्त्यावर काय मिळतं? मंचुरियन, फ्रँकी, नूडल्स. पोरं आवडीने खातात, खाऊ देत. पण ज्या सणाचं कारणच जेवण आहे, त्यात गावातल्या बायकांचं रांधप शोधत फिरावं लागतं, याचा मला राग येतो. चांदोरला मुसळ खेळ अजून दारोदार जातो, पुरुष मुसळं आपटत नाचतात. सासष्टीत खेळवाले अजून गावोगाव खेळ, म्हणजे कोकणी लोकनाट्य, करतात. नाच टिकला, नाटक टिकलं, ते लोकांनी धरून ठेवलं म्हणून. मग जेवणच का सोडायचं?

माझं म्हणणं साधं आहे. मिरवणुकीच्या वाटेवरचे मोक्याचे स्टॉल गावच्या बचतगटांना द्या, भाडं न घेता. सोरपोतेल, सान्ना, शागुती, दोदोल (गूळ-नारळाची मिठाई) त्यांना करू द्या. सूर काढणाऱ्याला त्या आठवड्यात आगाऊ पैसे देऊन बांधून घ्या. आणि जे गोंयकार हे वाचताहेत, त्यांनी यंदा आपल्या वाड्यावर कोण काय रांधतंय ते खाली लिहा. मी येईन जेवायला, घरच्यांना घेऊन.